बाबा, बीट सात, एक्केचाळीस, वर

गल्लीत त्याला शिक्का म्हणत. तोंडावर अर्थात काका. पाठ वळली की शिक्का. उभी नोकरी टपालखात्यात गेली, हे त्या नावाचं वरवरचं कारण. खरं कारण असं की कुठल्याही विषयावर तो एक शब्द बोलायचा आणि विषय तिथेच रद्द व्हायचा. कोपऱ्यावर नवा डॉक्टर आला. "पोरकट." ठप्प. समोरच्यांनी घराला रंग काढला. "आजारी दिसतंय घर." ठप्प. कुणाचा मुलगा पहिला आला, कुणी सायकल घेतली, कुणी दाढी ठेवली, प्रत्येकाला एकेक ठप्प, आणि पुढचा. माणसं रागवायची नाहीत. उलट नव्या गोष्टीवर शिक्का पडेपर्यंत ती गल्लीत रुजू झाली असं कुणाला वाटायचंच नाही.

तुच्छता तशी बऱ्याच लोकांना येते, पण बहुतेकांची ती हौशी असते. कुणी जरा गोड बोललं, चहा पुढे केला, की विरघळते. शिक्क्याची तशी नव्हती. ती त्याने छाननीघरात उभं राहून, पायांच्या शिरा फुगवून कमावली होती. शहराचं सगळं टपाल जिथे येऊन पडायचं त्या लांबलचक खोलीत, खणाखणांच्या उंच लाकडी मांडणीसमोर तो उभा राहायचा आणि डाव्या हातातल्या गठ्ठ्यातलं एकेक पत्र उजव्या हाताने ज्याच्या त्याच्या खणात भिरकवायचा. खणाकडे बघायचासुद्धा नाही. पत्र पडल्याचा आवाज बरोबर आला की पुढचं.

मांडणीच्या अगदी खालच्या कोपऱ्यात एक खण होता. त्याला सगळे आंधळा खण म्हणत. ज्या पाकिटाचा पत्ता कुणालाच उमगत नाही ते तिथे जायचं. 'मोठ्या झाडाजवळ, मास्तरांच्या घरामागे.' 'धाकट्या काकूला मिळावे, तीच ती, चष्मेवाली.' संध्याकाळी तो खण शिक्क्यापुढे ओतला जायचा. शिक्का एकेक पाकीट दोन बोटांत, मेलेल्या झुरळासारखं धरायचा, नाक मुरडायचा आणि बरोबर ठिकाणी लावायचा.

"पत्ता लिहायची अक्कल नाही," तो पुटपुटायचा, "आणि निघाले माया पाठवायला."

असं पुटपुटत त्याने किती लोकांची माया पोचती केली याची त्याला स्वतःला कल्पना नव्हती. असती तर त्याने तिच्यावरही शिक्का मारला असता.

छाननीघराचा एक दंडक होता. लिहिलेला कुठेच नव्हता, पण मोडलेला कुणी पाहिला नव्हता. स्वतःच्या घरचं टपाल हाताला लागलं तर ते ठेवून घ्यायचं नाही. त्याच्या खणात टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी पोस्टमन घेऊन आला की चारचौघांसारखं दारात घ्यायचं. पोस्टमनच्या एकेका फेरीच्या टापूला बीट म्हणत आणि शिक्क्याचं घर बीट सातमध्ये. तेव्हा घरचं पत्र दिसलं की सात नंबरच्या खणात, आणि विसरून जायचं.

हा दंडक शिक्का कसा पाळायचा ते त्याच्या बायकोला विचारा. किंवा विचारू नका, ती न विचारता सांगते. लग्नाची बोलणी चालू असताना त्याने तिला परस्पर पत्र लिहून विचारलं होतं, की घरचे काही म्हणोत, तुझं काय? तिचं उत्तर आलं ते सरळ छाननीघरात, त्याच्याच गठ्ठ्यात. अक्षर ओळखीचं. पाकीट पातळ. शिक्क्याने ते सातच्या खणात भिरकावलं आणि पुढचं उचललं. दुसऱ्या दिवशी पोस्टमनने दारात आणून दिलं तेव्हा फोडलं.

"मी तिकडे नखं कुरतडत बसलेय," ती सांगते, "आणि हे, हातात आलेला होकार फेकून घरी जाऊन झोपले. तेव्हाच ओळखायला हवं होतं मी."

"झोपलो नव्हतो," शिक्का म्हणतो. एवढंच.

ही बायको गल्लीची स्वेटरकाकू. बाहेरच्या खोलीत खिडकीशी तिचं विणायचं मशीन. लांबलचक पट्टी, पट्टीवर ओळीने उभ्या राहिलेल्या सुया, आणि त्या सुयांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवायचं इस्त्रीएवढं कॅरेज. खर्र, एक ओळ. खर्र, दुसरी. या खर्र-खर्रीवर मुलीचं शिक्षण झालं होतं आणि शिक्क्याची दुपारची झोप. दर थंडीत मुलांच्या वसतिगृहाचे सगळे स्वेटर तिचे असत. निळे, जाड, कोपराला दुहेरी, कारण मुलं कोपरावर जगतात हे तिला माहीत होतं.

त्या कॅरेजच्या आतलं एक चाक तुटलं. मशीन परदेशी, कंपनीने ते मॉडेल करणं कधीच सोडलेलं. दुरुस्तीवाल्याने कॅरेज उघडलं, आत बघितलं, आणि वारलेल्या माणसाच्या नातेवाइकांकडे बघतात तसं काकूकडे बघितलं. मग सातासमुद्रापलीकडे राहणाऱ्या मुलीने तिथल्या जुन्या सामानाच्या दुकानातून अगदी तस्संच कॅरेज शोधून काढलं आणि पत्ता विचारायला फोन केला. इथून पुढे जे झालं ते फक्त या घरातच होऊ शकत होतं.

"बाबा, पूर्ण पत्ता सांगा."

"लिही. बीट सात, एक्केचाळीस, वर."

"आणि?"

"आणि शहर, देश. झालं."

"रस्ता? जवळची खूण?"

"खुणा आंधळ्या खणातले लोक लिहितात. तू सॉर्टरची मुलगी आहेस. बीट, घर, मजला. याउपर एक अक्षर लिहिलंस तर लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक, बाबा?"

"छाननीतले."

"बरं. नाव?"

"नावं बघून टपाल लावतात का कुणी? घाल काहीतरी."

"आणि फोन नंबर?"

"पार्सलला बोलायचंय का माझ्याशी?"

मुलगी या घरातच वाढलेली. कुठे वाद घालायचा आणि कुठे मान डोलवायची हे तिला कळत होतं. तिने नावाच्या जागी 'बाबा' लिहिलं, फोनच्या जागी स्वतःचा नंबर टाकला आणि खोकं बांधायला घेतलं.

इथे मेहुणा येतो. मेहुणा म्हणजे काकूचा धाकटा भाऊ. दोन घरं सोडून राहायचा, पाण्याच्या टाक्या विकायचा, आणि टाक्या काही रोज खपत नाहीत, त्यामुळे त्याच्यापाशी वेळ भरपूर. भाचीने पाठवलेला ट्रॅकिंगचा नंबर त्याने मोबाइलमध्ये घातला आणि त्या दिवसापासून तो चहाच्या वेळेला न चुकता हजर व्हायला लागला. बातमीदार जसा.

"ताई, निघालं!" पहिल्याच दिवशी तो जिन्यातून ओरडत आला. "हे बघ, 'लेबल तयार झाले'!"

शिक्क्याने पेपरमागून डोकं काढलं नाही. "लेबल तयार झालं म्हणजे चिठ्ठी छापली. खोकं अजून तिच्या घरात आहे. लग्नाची पत्रिका छापली की लगेच बारशाला येतोस का तू?"

खोकं खरोखरच मुलीच्या स्वयंपाकघरात ओट्यावर पडलं होतं. चिकटपट्टी संपली होती.

मग ते 'स्वीकारले' झालं, 'केंद्रात पोचले' झालं, आणि पुन्हा 'केंद्रात पोचले' झालं. तेच केंद्र. मेहुण्याचा चेहरा पडला. "भाऊजी, उलटं फिरलं!"

"फिरलं नाही. दोनदा मोजलं. पोतं गाडीतून उतरलं की दारात एकदा मोजतात, पोतं सोडलं की आत एकदा. तुझ्या टाक्या तू एकदाच मोजतोस, म्हणून तर एखादी कमी भरते."

मग 'देशाबाहेर रवाना' आलं आणि त्यानंतर सगळं शांत. दिवसामागून दिवस तेच वाक्य. मेहुणा जेवतानाही डाव्या हाताने मोबाइलची पाटी खाली ओढून सोडायचा, जणू पुन्हा पुन्हा ओढली की खोक्याला वेग येईल. शेवटी त्याला राहवेना.

"विमान पडलं नसेल ना हो?"

"रवाना म्हणजे पोत्याचं तोंड बांधलं," शिक्का भिंतीला समजावल्यासारखा म्हणाला. "विमानात जागा मिळेपर्यंत ते पोतं तिथेच पडून राहू शकतं. आणि एकदा सील लागलं की आतल्या खोक्याला कुणी बरं आहेस का म्हणून विचारायला जात नाही. लेबल कुणी वाचलं तर बातमी. पोतं उघडेपर्यंत वाचणार कोण, तुझा बाप?"

"त्याचा बाप म्हणजे तुझा सासरा होता," काकू आतून म्हणाली. ती एकेरीवर आली म्हणजे वडिलांचा विषय आहे हे शिक्क्याला ठाऊक होतं. त्याने पेपर पुन्हा तोंडापुढे धरला.

पुढची बातमी आली ती मेहुण्याच्या मते चमत्काराची. खोकं मधल्या देशातून ज्या वेळेला सुटलं त्याच्या आधीच्या वेळेला ते इथे उतरलं होतं. "निघायच्या आधी पोचलं, ताई! काय सर्व्हिस आहे!"

"प्रत्येक देश आपापल्या घड्याळाची वेळ टाकतो, तीही सवडीने," शिक्का म्हणाला. "घड्याळं दोन देशांची आहेत. अक्कल कुठल्याच देशाची नाही."

त्यानंतर 'सीमाशुल्क तपासणीसाठी थांबवले' आलं तेव्हा मेहुण्याने आवाज खाली आणून, खिडकी लोटून विचारलं, "ताई, खरं सांग. तू मागवलंयस काय नक्की?"

"अरे, सगळ्यांचंच थांबतं!" शिक्का उखडला. "रांगेत उभं आहे ते. रेशनच्या रांगेत उभ्या माणसाला तू अटक झाली म्हणतोस का?"

दोनच दिवसांत ते सुटलं. शिक्का पुन्हा बरोबर. एखाद्या माणसाने लागोपाठ इतक्या वेळा बरोबर असू नये. तब्येतीला चांगलं नसतं. त्या दिवसांत शिक्का जिना उतरायचाही असा, की पायऱ्यांना उपकार झाल्यासारखं वाटावं. आणि काकूला त्याचा भरवसा वाटायला लागला होता, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

कारण थंडी सुरू झाली होती. वसतिगृहाच्या मेट्रनबाई येऊन गेल्या. बाहेरच्या खोलीत टोपलीभर निळी लोकर, बंद मशीनवर पांघरलेली चादर, आणि चादरीशेजारी बसून दोन साध्या सुयांवर हाताने स्वेटर विणणारी काकू. तिची बोटं सांध्यांत सुजली होती. संध्याकाळी तिला चहाची किटली धरवत नव्हती.

"काकू, मुलं सकाळी चादरी गुंडाळून वर्गात येतात हो," मेट्रनबाई म्हणाल्या. "तुमचे स्वेटर मला हवेत. बाजारातले मला मेले पसंत नाहीत, एक धुणं झालं की त्यांचं फडकं होतं. पण पुढच्या आठवड्यात नाही मिळाले तर तेच आणावे लागतील. आणि एकदा तिकडे गेलं की ऑफिसवाले दर वर्षी तिकडूनच आणा म्हणतील."

"येईल हो. आज-उद्या येईल कॅरेज," काकू म्हणाली. "आलं की रात्रंदिवस बसते. आणि हे आहेत ना घरात. दुसरं काही म्हणा, टपालातलं यांचं चुकत नाही."

शिक्का आतल्या खोलीत होता. त्याने ऐकलं. ऐकून त्याने पेपरचं पान उलटलं, पण पान आधीच उलटलेलं होतं.

कारण आदल्याच दिवशी मेहुण्याने त्याला जिन्यात गाठून नवी बातमी दाखवली होती. 'पत्ता अपूर्ण. प्राप्तकर्त्याकडून माहिती हवी.' खाली एक निळं बटण होतं.

"माझा पत्ता? अपूर्ण?" शिक्का हसला. तो फार क्वचित हसायचा आणि ते फारसं बघण्यासारखं नसायचं.

"भाऊजी, बटण दाबून पूर्ण पत्ता भरायचा, एवढंच. मी भरू का?"

"हात लावू नकोस. असले निरोप फसवे असतात, पेपरात रोज येतंय."

"पण हा आपल्याच ट्रॅकिंगवर आलाय, खरा आहे."

"खरा असला तर मग मुळीच नको! ज्याला बीट सात कळत नाही त्याला मी घरबसल्या शिकवू? कुणीतरी नवशिका बसला असेल आज. उद्या त्याच्या जागी जाणता माणूस येईल, एका नजरेत लावेल. आंधळ्या खणाला नेहमी कुणीतरी असतो."

हे तो इतक्या खात्रीने म्हणाला की मेहुण्यानेही मोबाइल खिशात घातला. शिक्क्याने आयुष्यात ज्याच्यावर ठप्प मारला नव्हता असा माणूस जगात एकच होता. तो म्हणजे आपण गेल्यावर आपल्या जागेवर येऊन उभा राहिलेला कुणीतरी. त्याला त्याने कधी पाहिलं नव्हतं. पण तो असणारच.

पुढची बातमी मात्र मेहुण्याने जिन्यात न वाचता सवयीने सरळ खोलीत, काकूसमोरच मोठ्याने वाचली. "'पाठवणाऱ्याकडे परत करण्याची प्रक्रिया सुरू'..." आणि वाचून झाल्यावर त्याला अर्थ कळला.

काकूच्या सुया थांबल्या. "परत? कशाला परत?"

"म्हणजे ताई, ते आधी आलं होतं ना, पत्ता अपूर्ण म्हणून, तेव्हा भाऊजी म्हणाले की..." मेहुण्याने शिक्क्याकडे बघितलं. शिक्क्याने दारातून खाली, जिन्याशी बसलेल्या मांजराकडे बघितलं.

काकूने भावाचा मोबाइल घेतला आणि मुलीला फोन लावला. सगळ्यांना ऐकू येईल असा.

"आई, मी बाबांनी सांगितला तोच पत्ता लिहिला," तिकडून झोपेतला आवाज आला. "बीट सात, एक्केचाळीस, वर."

"वर?"

"वर. पहिल्या मजल्यावर म्हणून."

"आणि नाव?"

"बाबा."

"बाबांचं नाही विचारत. नाव काय लिहिलंस?"

"तेच सांगतेय, आई. नावच 'बाबा' लिहिलंय. आणि हो, मला तिकडच्या एका अनोळखी नंबरवरून सारखे फोन येतायत, नेमके झोपेच्या वेळेला. कुणी फसवतंय वाटून मी उचलतच नव्हते. ते हेच होते का गं?"

काकूने फोन ठेवला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणं या घराला सवयीचं होतं. ती नुसती वळली आणि शिक्क्याकडे तिने डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. दोन बोटांत धरून बघावं तसं. ती नजर कुठली, हे त्या खोलीत फक्त शिक्क्यालाच ओळखू आलं, कारण ती त्याची स्वतःची होती.

"पत्ता लिहायची अक्कल नाही," काकू म्हणाली. पुढचं वाक्य तिने म्हटलंच नाही. सुया उचलल्या, सुजलेलं बोट झटकलं आणि टाका पुढे घेतला.

शिक्क्याने चपला घातल्या.

छाननीघराची इमारत तीच होती. दारावरची पाटी नवी, दार नवं, आत लाकडी मांडणीचा मागमूस नाही. तिच्या जागी एक लांब काळा पट्टा फिरत होता, त्यावरून खोकी सरकत होती, आणि मध्ये एका कमानीखालून जाताना प्रत्येकावर लाल उजेड पडत होता. खोकी आपोआप डावीउजवीकडे ढकलली जात होती. पडल्याचा आवाज एकसारखा, धप्, धप्. शिक्क्याने कान देऊन ऐकलं. त्याला त्यात चूक काढायची होती. निघाली नाही. "गिरणी केलीय," तो पुटपुटला, पण ठप्प काही नीट उठला नाही.

खिडकीशी एक मुलगी कागदी कपातला चहा पीत होती. "बोला आजोबा. ट्रॅकिंग नंबर?"

शिक्क्याकडे नंबर नव्हता. नंबर बाळगणं हे मेहुण्याचं काम, असल्या गोष्टींना तो शिवत नसे. खिडकीपासून बाजूला होऊन त्याने मेहुण्याला फोन लावला. "नंबर सांग."

आयुष्यात पहिल्यांदा भाऊजींनी काही मागितलं होतं. मग मेहुण्याने तो नंबर एकेक आकडा सुटा करून, मध्ये श्वास घेऊन असा सांगितला की पोथी वाचतोय असं वाटावं. संपल्यावर म्हणाला, "पुन्हा म्हणू का, भाऊजी?"

"नको!"

मुलीने आकडे टाकले, पडद्याकडे बघितलं, आणि तिच्या तोंडातला चहा बाहेर यायचा राहिला. "अय्या, बाबा तुम्हीच का?" तिने मान वळवून आत हाक दिली, "ए, बाबा आले रे!" आतून दोन-तीन जणांचं हसणं आलं. "सॉरी हं, आजोबा. आठवडाभर इथे सगळ्यांचं तेच चाललंय, बाबा, वर. आम्हाला वाटलं कुणी देवमाणूस असेल. वर राहतो म्हणजे कुठे, वरती?"

"पहिला मजला," शिक्का म्हणाला. "बीट सात समजलं नाही?"

"बीटं केव्हाच गेली. आता यंत्र वाचतं. तुमचं खोकं त्याने तीनदा वाचलं, तीनदा बाहेर टाकलं."

"यंत्राने टाकलं, ठीक. मग माणसाने काय केलं?"

"कुठल्या माणसाने?"

"यंत्राला येत नाही ते वाचायला असतो तो."

मुलीने कप खाली ठेवला. तिला खरोखरच प्रश्न कळला नव्हता. "तसं कुणी नसतं, आजोबा. आम्ही निरोप पाठवतो, फोन करतो. उत्तर नाही आलं की परत. लोकांना साधा पत्ता लिहिता येत नाही, आम्ही तरी किती जणांच्या मागे लागायचं?"

यावर शिक्क्यापाशी एक शब्द होता. नेहमीच असायचा. तो त्याच्या तोंडापर्यंत आला आणि तिथेच थांबला, कारण मुलगी जे म्हणाली ते तो त्याच जागी उभा राहून आयुष्यभर म्हणत आला होता. फरक एवढाच होता, की ती म्हणून झाल्यावर खोकं परत पाठवत होती.

खोकं आणून तिने फळीवर ठेवलं. कोपरे चेपलेले, वर तीन लाल चिठ्ठ्या एकावर एक. त्यांच्याखाली लेकीचं गोल अक्षर. बाबा. शिक्क्याचं नाक सवयीने मुरडलं. मग त्याने ते सरळ केलं.

"ही घ्या पट्टी, यावर पूर्ण पत्ता लिहा," मुलगी म्हणाली. "उद्या-परवा पोस्टमन घरी आणून देईल. नाहीतर ओळखपत्र दाखवा, इथे सही करा आणि आत्ताच घेऊन जा. काय करता?"

शिक्क्याने पेन घेतलं आणि लिहायला सुरुवात केली. स्वतःचं संपूर्ण नाव, जे बायकोच्याही फारसं लक्षात नव्हतं. रस्ता. घर. मजला, शब्दात. टाकीवाल्यापासून दोन घरं सोडून. खाली मांजर बसलेलं असतं तो जिना. आंधळ्या खणातलं एकही पाकीट इतकं भरगच्च नव्हतं. पट्टी चिकटवून त्याने खोकं दोन्ही हातांत घेतलं, आणि हात आपोआप वळले, जिथे पूर्वी सातचा खण असायचा त्या बाजूला. तिथे पट्टा फिरत होता. धप्, धप्. टाकायचं आणि विसरून जायचं. उद्या-परवा दारात येईलच.

याच खोलीत एकदा असंच काहीतरी त्याच्या हातात आलं होतं. तेव्हाही त्याने बरोबर तेच केलं होतं.

किटली धरवत नाही तिला, त्याला आठवलं.

"सही कुठे करायची?" त्याने विचारलं.

बसमध्ये जागा नव्हती. खोकं खांद्यावर घेऊन, उभ्याने, दुसऱ्या हाताने दांडी धरून तो आला. जिन्याच्या पाचव्या-सहाव्या पायरीवर दम लागला म्हणून थांबला, तर वरच्या उघड्या दारातून मेहुण्याचा आवाज येत होता.

"ताई! अगं ताई, नवीन आलंय! 'प्राप्तकर्त्याने स्वतः केंद्रातून नेले'!"

"खोटं आहे ते," काकूचा आवाज.

"अगं, इथे छापलंय..."

"छापू देत. तुझ्या त्या डबड्यात आजवर एक गोष्ट धड आलीये का? निघालं म्हणे, तेव्हा ओट्यावर होतं. पोचलं म्हणे निघायच्या आधी. आणि म्हणे स्वतः नेलं! त्या माणसाबरोबर मी संसार केलाय, तुझ्या मोबाइलने नाही. ते स्वतःच्या टपालाला हात लावणार नाहीत. होकार उचलून आणला नाही त्यांनी, खोकं आणतील?"

शिक्का जिन्यातच ऐकत राहिला. काय आवाज होता तो! थंड, कोरडा, कुठेही न अडखळणारा. याच्यापुढे त्याचे सगळे ठप्प म्हणजे बालवाडी. इतकी वर्षं हिने हे असं आत दाबून कसं ठेवलं, या विचाराने त्याला क्षणभर अभिमानच वाटला.

तो वर आला. दार उघडंच होतं, तरी त्याने कडी वाजवली.

"टपाल," तो म्हणाला.

काकू हातातल्या सुयांसकट दारात आली. आधी तिने त्याच्या कपाळावरचा घाम बघितला, मग खांद्यावरचं खोकं, मग खोक्यावरची ती भलीमोठी पट्टी. पट्टी तिने सावकाश, अगदी मांजरापर्यंत वाचली.

"उशीर झाला," ती पोस्टमनला म्हणाली.

"पत्ता सापडत नव्हता."

ती बाजूला झाली. त्याने खोकं मशीनपाशी नेऊन ठेवलं, तिने चादर ओढली, आणि दातांनी चिकटपट्टी तोडायला लागली तेव्हा त्याने मुकाट्याने कात्री पुढे केली. कॅरेज मशीनच्या पट्टीवर बसलं. तिने एकदा डावीकडून उजवीकडे नेलं. खर्र. पुन्हा उजवीकडून डावीकडे. खर्र. निळी लोकर सुयांवर चढली.

मेहुणा अजून कोपऱ्यात मोबाइलची पाटी ओढत होता. "पण अजून 'पोचले' असं काही दाखवत नाहीये," तो काळजीने म्हणाला. "ते येईपर्यंत नक्की म्हणता येणार नाही हं, ताई."

नवरा-बायकोने एकाच वेळी माना वळवल्या आणि त्याच्याकडे बघितलं.

मेहुण्याने मोबाइल खिशात घातला आणि चहा टाकायला आत गेला.